दारावरची साबण कंपनी

नवं राज्य झालं तेव्हाची गोष्ट. शहरातल्या राजपुरा मोहल्ल्यात आमच्या दारावर एका साबण कंपनीची पाटी होती. कारखाना मात्र फोपनारला, खेड्यात. शहरातला पत्ता पाहून व्यापारी येतील, ही कंपनीच्या मालकाची आशा. मी नवी सून, इतकी शहाणी की पाटीसमोरूनही डोक्यावर पदर घेऊन जायचे!

मालक बाजाराच्या दिवशी यायचा, रुमालानं पाटी पुसायचा.

"वहिनी, कंपनीत कोणी आलं होतं का?"

"नाही हो भाऊ. चहा घ्या."

एकदा मी चिडवलं, "मग काढून टाका की पाटी!"

"मग इथं कोणत्या बहाण्यानं येऊ? कारखान्यात मी एकटाच आहे."

पुढे तो यायचा थांबला. आता घरात मी एकटी. पाटी वाचून चुकून कोणी आलंच, तर आधी चहा पाजते, मग सांगते, कंपनी बंद पडली.