धपाकशेटचं लिफ्ट टेबल

“उचलाला काय, कोनीपन उचलतंय. उतरवाला शिक.”

असं म्हणून समोरच्या घरातले काका उजव्या हाताचा पंजा हवेत पालथा धरायचे आणि इतक्या सावकाश खाली आणायचे की बघणाऱ्याने श्वास रोखावा. न्हावा शेव्याच्या बंदरात, कंटेनर यार्डात त्यांनी उभा जन्म क्रेनवर काढला होता. निवृत्तीनंतरही त्या पंजाखाली कायम एक कंटेनर लटकत असे. या माणसाची मी चार लोकांत लाज काढली. रागाच्या भरात नाही, चांगली तयारी करून. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे त्यांच्या खोड्या ऐकून तुम्ही माझ्या बाजूला सरकाल.

ते आमच्या समोर राहायचे. पनवेलमधली आमची गल्ली तेव्हा अर्धी जुनी, अर्धी नवी होती. त्यांच्या बाजूला गावातली मूळची घरं, आमच्या बाजूला नवी रो-हाउस. मी त्यांना काका म्हणे. त्यांच्याकडे एक काळी, जुनी मोटारसायकल होती. तिला दुसऱ्या कुणाचा पाना कधी लागला नव्हता. अंगणात गोणपाट टाकून ते तासन्‌तास उकिडवे बसायचे, साखळी रॉकेलने धुवायचे, आणि शनिवारी तिच्यावरून गव्हाण गावी थोरल्या बहिणीकडे जायचे. परतताना हँडलला सुक्या मासळीची पिशवी असे. ते आले हे आम्हाला आधी नाकाने कळायचं.

मलाही माझ्या मोटारसायकलची कामं स्वतः करायची हौस, पण माझी कंबर धरलेली. म्हणून मी घरच्या गॅरेजसाठी हायड्रॉलिक लिफ्ट टेबल घेतलं. बाजारात होतं त्यातलं सगळ्यात स्वस्त. वर लांब लोखंडी फळी, खाली कात्रीसारखे पाय. एक पेडल दाबत राहिलं की गाडी कंबरेइतकी वर येते. दुसरं अलगद दाबलं की खाली. त्याच्या चाकांपैकी एक पहिल्या दिवसापासून फिरत नव्हतं, आणि रंग नखाने निघायचा. तरी मला ते सिंहासनासारखं वाटलं.

पहिल्या रविवारी मी मित्रांना चहाला बोलावलं. गाडी झोकात वर गेली. टाळ्या पडल्या. उतरवताना मी दुसरं पेडल बुटाने कचकन दाबलं. फळी एकदम खाली बसली, पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा सुटला आणि गाडी आडवी झाली. टाकीला वाटीएवढा पोचा आला. तेवढ्यात समोरच्या अंगणातून आवाज आला,

“धपाक!”

आणि मग हसू. खोकला लागेपर्यंत हसू.

तेव्हापासून मी धपाकशेट झालो. “काय धपाकशेट, हापिसात चाललास?” नाक्यावरच्या चहावाल्याकडे ती गोष्ट पोचली. भाजीवाली दारात येऊन म्हणाली, “धपाकशेट, कोथिंबीर ठेवू?” यावर माझी बायकोसुद्धा तोंडाला पदर लावून आत गेली.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. ऑफिसात साहेबाने फायली तोंडावर फेकल्या तरी मी विसरत असे, पण तो एक शब्द माझ्या पोटात बसला. रोज दाढी करताना मी आरशासमोर उत्तरं रचायचो. एकेक वाक्य घासून धार लावून ठेवायचो. आणि टेबल मात्र शिकलो. रिकामी फळी वर-खाली करून पाय बसवला. हळूहळू मित्र आपल्या गाड्या घेऊन यायला लागले. माझ्या गॅरेजात दर रविवारी दरबार भरायचा, आणि मी मुद्दाम शटर पूर्ण वर ठेवायचो. समोरून दिसावं म्हणून.

दरम्यान काकांचे गुडघे गेले. मी खिडकीतून बघायचो. ते गोणपाट टाकायचे, गाडीचा आधार घेत वाकायचे, अर्ध्यावर थांबायचे आणि गोणपाट पुन्हा गुंडाळायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

एका रविवारी दरबार भरलेला असताना ते गाडी ढकलत गल्ली ओलांडून आले. अंगात इस्त्रीचा सदरा होता. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा साहेब म्हटलं.

“सायेब, माजं गुडघं बसत नाय आता. जरा तुज्या टेबलावर चढवू का? उभ्यानं करीन. तू हात नको लावू.”

आरशासमोर रचलेलं वाक्य तयारच होतं.

“काका, हे गाड्या उचलायचं टेबल आहे. म्हातारे उचलायचं नाही.”

सगळे हसले. बँकेत काम करणारा माझा एक मित्र तर मांडीवर थाप मारून हसला. गाडी वळवताना तिचा तोल गेला, काकांनी ती छातीवर सावरली. माझ्यापासून दोन हातांवर. मी पुसलेला पाना पुन्हा पुसत राहिलो.

मग त्यांची पाळी सुरू झाली. पुढच्या रविवारी ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन आपल्या फाटकात, माझ्या बरोबर समोर येऊन बसले. मी गाडी उतरवायला घेतली की त्यांचा पंजा पालथा व्हायचा आणि टेबलाबरोबर खाली यायचा. शेवटी ओठांचा चंबू व्हायचा. वाटायचं, आता म्हणणार. म्हणत नसत. तो न म्हटलेला धपाक ऐकून मी पेडल मध्येच सोडून द्यायचो. मित्रांचं चित्त उडालं. एकेक जण यायचा बंद झाला. असा सूड मला शंभर आरशांसमोर सुचला नसता.

पण त्यांची गाडी ताडपत्रीखाली गेली होती. मेकॅनिककडे ती द्यायची नाही हा हट्ट. शनिवारचं गव्हाण बंद झालं.

मग एका शनिवारी, भर उन्हात, हातात पिशवी घेतलेली एक म्हातारी माझ्या फाटकाशी थांबली. बसमधून उतरून चालत आलेली. पिशवीच्या वासावरून मी ओळखलं.

“धपाक तुमीच काय?”

मी मान हलवली.

“मी त्याची भैन. तो येत नाय, तं मीच आली. त्याला बोल्ली, दे गाडी कोन मेकॅनिकला. तं बोलतो, धपाकचा टेबल भेटल तवाच करीन.” तिने घाम पुसला. “भेटल काय वो?”

तिला आमच्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पाणी आणायला आत गेलो, आणि बराच वेळ माठापाशी उभा राहिलो.

संध्याकाळी काकांच्या ओटीवर गेलो. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पंजा आडवा केला.

“हितं नाय. जितं बोल्लास तितं बोल. जवरी मानसं हसली तवरी समदी बोलव. आन्‌ नारल आन. आमच्या गावकीत असंच हाय.”

मित्रांना मी स्वतः फोन केले. रविवारी सगळे येऊन अवघडून उभे राहिले. काकांनी खुर्ची माझ्या गॅरेजच्या मध्यभागी मांडली. त्यांची गाडी दाराशी होती. ताडपत्री काढलेली, चाकांत हवा भरलेली. मी नारळ हातात घेतला.

“थांब. तो बँकवाला नाय आला. तोच जास्त हसला व्हता.”

बँकवाला येईपर्यंत मी नारळ धरून उभा होतो.

पुढे बरीच वर्षं त्या टेबलाशी उभे राहून त्यांनी ती गाडी सांभाळली. आता तेही नाहीत, तीही नाही. टेबलातून तेल झिरपतं. गाडी वर ठेवली तर आपोआप, अगदी सावकाश खाली येते. त्यांची ती प्लास्टिकची खुर्ची मी मागून घेतली, ती गॅरेजात आहे. रविवारी शटर उघडलं की तो दिवस समोर उभा राहतो.

बँकवाला आला. मी एका दमात म्हणून टाकलं, “काका चुकलं माझं माफ करा.”

त्यांनी नारळ घेतला नाही. पालथा पंजा हवेत धरला.

“धपाक नको,” ते म्हणाले. “हलू.”

पंजा खाली येऊ लागला. मी त्याच्याकडे बघत, सगळ्यांसमोर, एकेक शब्द ठेवत गेलो. “काका, तुम्ही माझ्या दारात आलात. मी तुमचा अपमान केला. मुद्दाम केला. माझं चुकलं.”