दाराबाहेरचे थर्मास

कॉव्हेंट्रीतल्या त्या ट्रेनिंग रूममध्ये मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. चीनमध्ये इंग्रजी शिकवायला निघालेले बारा-पंधरा जण समोर बसलेले, आणि मी तिथे दोन वर्षं शिकवून आलेली. माझ्या आधी ट्रेनर बोलत होता. पडद्यावर त्याची सूचना झळकत होती: सहकारी वय, वजन, लग्न, काहीही विचारतील, हसून सांगा, 'इट्स पर्सनल.'

माझं डोकंच फिरलं. मी चीनला निघाले तेव्हा याच माणसाने मला हेच वाक्य शिकवलं होतं, आणि मी शहाणी ते घोकून गेले. अगं, तू पुण्यात वाढलेली! तिथे जिन्यात भेटलेली शेजारीणसुद्धा 'काय गं, किती वाळलीस!' म्हणून थांबवते. पण चार वर्षं इंग्लंडात काय राहिले, साहेबाच्या वरताण झाले.

चीनमधल्या शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर पन्नाशीच्या एक बाई बसायच्या. त्याही इंग्रजीच शिकवायच्या. डोकं दुखो, पोट दुखो, नाहीतर कुणी रडत बसो, तिथे सगळ्यावर औषध एकच, गरम पाणी. ते त्या मला रोज न विचारता ओतून द्यायच्या. एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वजन किती गं तुझं? चेहरा बघ कसा उतरलाय. नीट जेवतेस ना?"

मी हसून म्हणाले, "इट्स पर्सनल."

त्यांनी मान डोलावली आणि वह्या तपासायला घेतल्या.

त्याच आठवड्यात मी तापाने अंथरूण धरलं. तीन दिवस कुणी दार वाजवलं नाही. कसली ही माणसं, म्हणून मी पडल्या पडल्या चरफडत होते. चौथ्या दिवशी भिंतीला धरत दार उघडलं, तर बाहेर तीन थर्मास ओळीने ठेवलेले. पहिल्यातलं पाणी गार झालेलं, शेवटच्यातलं अजून कढत होतं. बाई रोज येऊन, दार न वाजवता परत गेल्या होत्या.

हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं. आवाज चढला होता माझा. आणि ट्रेनर खूश! "ब्रिलियंट," म्हणाला, "बघा, त्यांनी पर्सनल बाउंड्री किती छान पाळली!" त्याचा लॅपटॉप उचलून आपटावासा वाटला मला.

चहाच्या वेळी त्या शिकाऊ मंडळींतली, लंडनच्या इल्फर्डची एक मुलगी जवळ आली. इथेच जन्मलेली, पण घरी मराठी बोलणारी. म्हणाली, "काकू, मग तुम्ही त्यांना सॉरी म्हटला का? लाइक, प्रॉपरली?"

नाही म्हटलं. थर्मास धुऊन त्यांच्या टेबलावर ठेवले, थँक यू म्हणाले आणि वर्गावर गेले. पुढचं अख्खं वर्ष बाईंनी मला टाइमटेबलखेरीज काहीही विचारलं नाही. फार सभ्यपणे वागल्या माझ्याशी, मी शिकवलं होतं अगदी तस्संच.