सॅम्पल फ्लॅटचा पलंग

कुणाला चाळिशीनंतर मधुमेह होतो, कुणाला सांधेदुखी होते. आमच्या भावजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, अभिरुची झाली.

त्याआधी माणूस बरा होता. शिंप्याचं दुकान स्वतःचं, आणि कामात वाघ. त्यांचा एक नियम होता, तो ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकवत. गिऱ्हाईक जुनी पँट घेऊन आलं आणि "हिच्या मापाची शिवा" म्हणालं, की ती पँट गुंडाळून परत त्याच्या हातात द्यायचे. अंगावर माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावणार नाही, मग तुम्ही कुणीही असा. या एका वाक्याबद्दल मी त्यांना मनातून मान देत असे. आता तो मान परत घेतला आहे.

रोग आला तो मासिकांतून. दुकानात थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी कुणीतरी घरसजावटीची मासिकं आणून टाकली, आणि भावजी शिवायचं सोडून ती वाचायला लागले. मग फोनवरच्या व्हिडिओंत एक डिझायनर सापडला. काळा सदरा, जाड काड्यांचा चष्मा, आणि बोलणं असं, की जणू भिंतींना दमा झालाय आणि हा औषध घेऊन आलाय. खोलीनं श्वास घ्यायला हवा. रिकामी जागा बोलली पाहिजे. भावजी ही वाक्यं जेवताना म्हणायचे. ताई मान डोलवायची. तिचं सगळं आयुष्य मान डोलवण्यात गेलं, हे मी तिच्या तोंडावरही बोलले आहे.

मला हसायला काही हरकत नव्हती, पण त्या घरात आमचे बाबा राहत होते. मी राहते चौथ्या मजल्यावर, जिना उभा आणि लिफ्ट नाही. बाबांच्या गुडघ्यांना तो जिना झेपत नव्हता, म्हणून आई गेल्यापासून ते ताईकडे. दुसरी जागा त्यांना नव्हती. त्यामुळे भावजींच्या घरातल्या रिकाम्या जागेनं बोलायला सुरुवात केली, तेव्हा ती बाबांना काय म्हणते इकडे माझं लक्ष होतं.

बाबांनी नोकरी केली ती रस्त्यावरचे दिवे बदलायची. एवढे उंच, की खात्यातले सगळे त्यांना 'शिडी' म्हणत. मी त्यांच्यावर गेले, म्हणून मी 'छोटी शिडी'. आता छोटी कसली, खांद्याला खांदा लागतो. दुकानात मिळणारा पलंग त्यांना कधी पुरला नाही, म्हणून लग्नाच्या वेळी खात्यातल्या वेल्डरनं लोखंडी पलंगाला पायथ्याशी एक तुकडा जोडून दिला होता. जोड ओबडधोबड होता, रंगही वेगळा. त्या पलंगावर बाबा जन्मभर हातपाय ताणून झोपले.

तर सुट्टीच्या दिवशी भावजींनी सॅम्पल फ्लॅट बघायला जायचं सुरू केलं. नवी इमारत उभी राहायच्या आधी बिल्डर एक घर सजवून ठेवतात, ते. विकत काही घ्यायचं नाही. ठेवणीतले कपडे घालायचे, फुकटची कॉफी प्यायची आणि डिझायनरचं काम बघून 'प्रेरणा' घ्यायची. एकदा मलाही ओढून नेलं. आत पाऊल टाकलं आणि ते देवळात आल्यासारखे हळू बोलायला लागले. पुस्तकं होती, तीही पाठ भिंतीकडे करून, कारण पुठ्ठ्यांचे रंग एकमेकांशी जुळत नव्हते. लिंबांनी भरलेला वाडगा होता, लिंबं प्लास्टिकची. कपाटांना मुठी नव्हत्या आणि खोल्यांना दारं नव्हती. कचऱ्याचा डबा नव्हता, औषधांची पिशवी नव्हती, म्हातारं माणूस बसेल अशी एक खुर्ची नव्हती. मी ताईला विचारलं, इथे राहतं कोण? ती म्हणाली, गप्प बस.

झोपायच्या खोलीत भावजी थबकले. पांढरी चादर, राखाडी भिंत, मध्ये बुटका पलंग, आणि चारी बाजूंना फिरायला ऐसपैस जागा. त्यांचे डोळे भरून आले, खोटं सांगत नाही. त्यांनी ताईला खूण केली, ताईनं विक्रीवाल्या मुलीला नळांबद्दल काहीतरी विचारत न्हाणीघरात नेलं, आणि या गृहस्थांनी खिशातून दुकानातली टेप काढून पलंगाचं माप घेतलं. लांबी, रुंदी, उंची, पायांची जाडी. शर्टाची बाही मापावी इतकं चोख.

पुढचं व्हायचं तेच झालं. भिंती राखाडी झाल्या. कपाटांच्या मुठी गेल्या, आणि बाबा आपला सदरा शोधायला एकेक फळी दाबून बघायला लागले. बाबांच्या खोलीचं दार काढलं, का तर नजर अडते. त्यांचा रेडिओ खणात गेला, काठी पाहुणे आले की पलंगाखाली. आणि लोखंडी पलंग भंगारवाल्याकडे गेला. मी भांडले. भावजी म्हणाले की त्या जोडाकडे बघितलं की त्यांचं डोकं दुखतं. त्या जागी सॅम्पल फ्लॅटचा पलंग आला, सुतारानं टेपबरहुकूम बनवलेला. सुताराला काय, सांगाल ते करून देतो.

खोली सजली त्या दिवशी भावजींनी फोटो काढले. बाबा चौकटीत येत होते म्हणून त्यांना जरा बाहेर उभं राहायला सांगितलं. फोटो त्या चष्मेवाल्याला पाठवले गेले. त्याचं उत्तर आलं नाही, पण भावजी रोज बघत होते. मी बाबांना विचारलं, पलंग कसा आहे? ते पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "छान आहे." बाबा जन्मात कधी कशाला वाईट म्हणाले नाहीत, हे मला ठाऊक होतं, तरी मी ते खरं धरून घरी गेले.

हिवाळा सरेपर्यंत बाबा वाकून चालायला लागले. म्हणजे पाठीतून नव्हे, गुडघ्यांतून. खुर्चीतून उठले तरी पाय खुर्चीतच राहिल्यासारखे. सगळे म्हणाले, वय झालं. भावजी म्हणाले, वय झालं की माणूस राखाडी भिंतीसमोर फार उठून दिसतो. मी रजा टाकली आणि बाबांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी गुडघे चाचपले, हलवून बघितले, आणि सरळ विचारलं, "आजोबा, तुम्ही झोपता कसे?"

बाबा तपासायच्या टेबलावर कुशीवर वळले आणि त्यांनी झोपून दाखवलं. गुडघे पोटाशी, मान खाली, हात छातीशी. रस्त्याच्या दिव्यापर्यंत हात पोहोचणारा माणूस, आणि टेबलाचा निम्मा भाग रिकामा राहिला.

"रोज रात्री असेच?" बाईंनी विचारलं.

"पाय बाहेर आले की चादर विस्कटते," बाबा म्हणाले. "जावयांना ते आवडत नाही. पोरीच्या घरात राहायचं, तर थोडं आवरून राहावं."

मी तिथे रडले नाही. मला इतका राग आला होता की रडायला जागाच उरली नव्हती. बाबांना ताईकडे सोडलं, दुकानात गेले आणि भावजींना कात्री खाली ठेवायला लावून त्याच सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं. एक नवरा-बायको तिथे पडद्यांचं कौतुक करत होते. मी चपलांसकट त्या पांढऱ्या पलंगावर आडवी झाले. पोटऱ्यांपासून खाली माझे पाय हवेत लोंबत होते.

विक्रीवाली मुलगी धावत आली. मी तशीच पडून तिला विचारलं, हा पलंग कुणासाठी आहे? ती आधी हसली, मग त्या जोडप्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, "कुणासाठीच नाही हो. इथलं सगळं सामान मुद्दाम लहान बनवतात, खोली मोठी दिसावी म्हणून. दारंसुद्धा त्यासाठीच लावत नाहीत."

मी भावजींकडे बघितलं. आता तरी माणूस खजील होईल, असं वाटलं. ते पडद्याकडे बघत होते.

"डिझायनरनं काही विचार करूनच केलं असेल," ते म्हणाले.

वाटेत मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की ज्या माणसानं उभ्या आयुष्यात नमुन्यावरून एक पँट शिवली नाही, त्यानं माझ्या बाबांना नमुन्यावरून पलंग शिवला, हे मी त्यांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं सांगितलं. घर येईपर्यंत भावजी खिशातल्या टेपशी चाळा करत राहिले.

घरी आल्यावर ते सरळ बाबांच्या खोलीत गेले. सुताराला आजच सांगतो म्हणाले, नवा पलंग करू, बाबांच्या मापाचा. ताईनं मान डोलवली. बाबा नको नको म्हणत होते, तरी भावजींनी त्यांना हाताला धरून आडवं केलं, टेप काढली, आणि सासऱ्याचं माप पहिल्यांदा घेतलं. डोक्यापासून टाचेपर्यंत. बाबांनी पाय सरळ करायचा प्रयत्न केला, दात आवळून केला, पण गुडघे हलले नाहीत. भावजींनी टेप उचलली, पुन्हा लावली, पुन्हा वाचली. मग त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्यांना हायसं वाटलं होतं.

"बसतायत की," ते म्हणाले. "या पलंगात बरोबर बसतायत."

बाबा माझ्याकडे बघून कसनुसं हसले. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे हसले.

मी ओढणी कमरेला खोचली. फुलदाणी ठेवलेली ती तिपाई उचलून बाहेर ठेवली, आणि बाबांच्या पलंगाशेजारी गालिच्यावर चपलांसकट आडवी झाले. पाय ताणले, टाचा ताणल्या. माझं डोकं भिंतीला लागलं आणि पाय दार नसलेल्या दारातून बाहेर गेले.

"माझं माप घ्या," मी म्हटलं. "यांची उंची माझ्याएवढी आहे. पायथ्याशी वीतभर जास्त धरा."

भावजी टेप हातात धरून उभे होते. डोळे नव्या गालिच्यावर, माझ्या चपलांकडे. मी उठणार नाही हे त्यांच्या लक्षात आल्यावर ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माप घेतलं.