बोटभर कोरा कागद

खळकाका पोटापाण्यासाठी काय करतात हे त्यांनी सांगितलं की लोकांना वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. राज्यघटनेला पट्ट्या चिकटवायला सरकार पगारी माणूस ठेवतं यावर कोण विश्वास ठेवील? पण ठेवतं. कायदेमंडळाच्या तळघरात, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, दोन कात्र्या, एक हाडाची सुरी आणि मैद्याच्या खळीचं भांडं घेऊन हा गृहस्थ चौतीस वर्षं बसला होता. खळीत मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर लागत नाही. त्या निळसर खळीनेच त्यांना नाव दिलं, आणि मूळ नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

काम असं. घटनेत दुरुस्ती झाली की नव्या मजकुराची छापील पट्टी खाली यायची. वर सभागृहात अध्यक्षांच्या मेजावर जी मोठी प्रत असते, तिच्यात ती पट्टी खळकाका जुन्या मजकुरावर डकवायचे. पण सगळी नाही डकवायची. खळ फक्त डाव्या कडेला, सुतळीच्या जाडीएवढी. म्हणजे पट्टी झडपेसारखी उचलता येते आणि खालचं जुनं वाचता येतं. हे त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवलं होतं. वस्ताद म्हणायचे, "बदल करायला हरकत नाही, पण आधी काय होतं ते झाकून बसू नये." खळकाकांनी हे वाक्य देवाच्या वचनासारखं पाळलं. बाकी घटना म्हणजे काय, तिच्यात काय लिहिलंय, याच्याशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. स्वयंपाकी माणूस जेवायला बसतोच असं नाही.

त्या सोमवारी वर सभागृहात मोठा गलका चालला होता. सरकारची मुदत पाचाची नऊ वर्षं करायची, अशी दुरुस्ती आली होती. निवडणूक पाच महिन्यांवर होती आणि सरकारला ती नको होती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. दुरुस्तीला दोन मतदानं लागतात. पहिलं सोमवारी, दुसरं लगेच मंगळवारी अकरा वाजता. दोन्ही वेळा दोन तृतीयांश मतं पडली की झालं.

दुपारी दोनला शिपाई पाकीट घेऊन आला. खळकाकांनी फोडलं तर आत नव्या दुरुस्तीची पट्टी, खाली मंगळवारची तारीख. ते दचकले. चौतीस वर्षांत मतदानाआधी पट्टी छापून आलेली त्यांनी पाहिली नव्हती. वर अजून पहिल्या मतदानाची मोजणी सुरू होती आणि इथे निकालावर शाई वाळलीसुद्धा होती.

"एवढी घाई कशाची?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता काका, मी पाकीट आणतो," शिपाई म्हणाला. "मोठी प्रतही खाली आणतोय. उद्या फोटोवाले येणार आहेत, जरा नीटनेटकी करून द्या म्हणाले."

प्रत आली, तोवर वर पहिलं मतदान सरकारने जिंकलं होतं. खळकाका एकेक पान उलटत जुन्या पट्ट्या तपासू लागले. कुठे कोपरा दुमडलाय, कुठे खळ सुकलीय. घटना बदलायची कशी, हे सांगणाऱ्या कलमावर सोळा वर्षांपूर्वीची एक पट्टी होती. त्यांनी हात लावला आणि ती अख्खी सुटून हातात आली. खळ पार वाळून गेली होती. त्यात नवल नव्हतं. नवल खाली होतं.

पट्टीवर तीन ओळींचा मजकूर होता. खाली चार ओळी होत्या.

चौथी ओळ त्यांनी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. "आणि पहिल्या व दुसऱ्या मतदानात किमान नव्वद दिवसांचे अंतर राहील." त्या ओळीला कोणी हात लावलेला नव्हता. दुरुस्ती वरच्या तीन ओळींचीच होती. पण पट्टीच्या तळाशी बोटभर कोरा कागद सोडलेला होता आणि तो नेमका चौथ्या ओळीवर बसत होता.

तो कागद कोणी सोडला होता, हे आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनीच. वस्ताद पट्टी अक्षराला भिडवून कापायचे. खळकाकांना वाटलं, खाली थोडं कोरं ठेवलं तर वाचणाऱ्याला बोट घालून पट्टी उचलायला सोपं जाईल. तेवढ्या एकाच पट्टीला त्यांनी ही सोय केली होती. नंतर ग्रंथपालांनी कागद वाया जातो म्हणून मना केलं, आणि विषय संपला.

ते धडपडत कपाटापाशी गेले आणि घटनेची छापील आवृत्ती काढली. हीच आवृत्ती वकिलांकडे, शाळांमध्ये, आमदारांच्या खिशात. ती त्याच सोळा वर्षांपूर्वीच्या साली मोठ्या प्रतीचे फोटो काढून छापली होती. कलम काढलं. तीन ओळी. चौथी नाही. फोटो काढणाऱ्याने पट्टी उचलून पाहिली नव्हती, तपासणाऱ्याने पाहिली नव्हती, आणि नवी आवृत्ती निघाली म्हणून जुन्या सगळ्या प्रती हुकूम काढून लगद्याला पाठवल्या होत्या. देशाने तीन महिने थांबून विचार करायचा असा कायदा होता, आणि तो त्यांनी सोयीसाठी सोडलेल्या कोऱ्या कागदाखाली सोळा वर्षं गुदमरत पडला होता.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि पहिला धक्का फिका पडला.

या सोळा वर्षांत घटना एकदाच बदलली होती, अकरा वर्षांपूर्वी. परक्या देशात जन्मलेलं माणूस इथल्या नागरिकाशी लग्न करून सात वर्षं राहिलं, की तेही नागरिक, अशी ती दुरुस्ती. सोमवारी पहिलं मतदान, बुधवारी दुसरं. तेव्हा एक ऐंशीच्या घरातले सभासद उठून म्हणाले होते, मधे काही दिवस थांबायचं असतं ना? त्यांना छापील पुस्तक उघडून दाखवलं. ते ओशाळून खाली बसले, कोणीतरी त्यांना पाणी दिलं, आणि सभागृह हसलं. त्या दिवशी खळकाकाही गॅलरीत होते. तेही हसले होते. कारण त्या दुरुस्तीने त्यांची सून या देशाची होणार होती.

सून पलीकडच्या देशातली. मुलगा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घर तिनेच धरून ठेवलेलं. नागरिक झाल्यावर तिला नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. आता तिथे सगळे तिला विचारल्याशिवाय शहराचा नळ सोडत नाहीत, असं ती हसत सांगायची. त्या जागेवर फक्त नागरिकच बसू शकतो.

खळकाका संध्याकाळी घरी आले तेव्हा ती ओट्याशी भाजी चिरत होती. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने सुरी ठेवली.

"काय झालं बाबा? बरं नाही का?"

त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी, कोरा कागद, चौथी ओळ.

"तुम्ही ते उद्या सांगितलंत तर नऊ वर्षांचं थांबेल," ती म्हणाली.

"थांबेल."

"आणि माझं?"

"माहीत नाही गं. तुझीही दोन्ही मतदानं एकाच आठवड्यात झाली होती."

"म्हणजे ज्या दाराने ते आत शिरताहेत, त्याच दाराने मी आले."

खळकाका खाली मान घालून बसले. "तू सांगशील तसं करतो," ते म्हणाले.

यावर ती चिडली. इतक्या वर्षांत त्यांच्यावर आवाज चढवण्याची तिची पहिलीच वेळ. "मला विचारू नका, बाबा. विचारलंत तर मी नाही म्हणेन. प्रयोगशाळेत बसून मी हजार घरांचं पाणी तपासते. घाण दिसली की लपवत नाही. पण ते पाणी माझ्या घरचं नसतं. हे माझ्या घरचं आहे. हे माझ्या अंगावर टाकू नका."

ती पुन्हा भाजी चिरू लागली.

मंगळवारी सकाळी नऊला ते सभागृहाच्या सचिवबाईंच्या खोलीत उभे होते. बाई म्हणजे नियमांचं चालतं पुस्तक. अध्यक्षसुद्धा त्यांच्याकडे पाहून मग घंटा वाजवायचे. खळकाकांनी मोठी प्रत टेबलावर उघडली आणि सुटी पट्टी बाजूला ठेवली. बाईंनी ओळ वाचली. त्यांच्या हातातला पेन खाली पडला आणि त्यांनी तो उचलला नाही.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"मला. आणि माझ्या सुनेला."

बाईंना सून ठाऊक होती. त्या उठून दार लावून आल्या. "खळकाका, नीट ऐका. ही ओळ मी आज वाचली तर एक तुमची सूनच नाही, चाळीस हजार माणसं आहेत. त्यांनी घरं केली, नोकऱ्या धरल्या, मतं दिली. अकरा वर्षं देश त्या दुरुस्तीवर चाललाय. चालतं गाडं उलटवायचं का?"

"म्हणजे ओळ आहे, पण वाचायची नाही?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हणालात बाई? मी अडाणी माणूस. मला एवढंच समजतं की थांबायला सांगणारी ओळ मी झाकली. आज घाईत असलेल्यांना ती झाकलेलीच हवी आहे. मी पट्टी परत चिकटवली तर ती चूक उरत नाही. काल दुपारपर्यंत ती चूक होती."

बाईंनी प्रत स्वतःकडे ओढली आणि ते कलम पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. घड्याळात पावणेअकरा झाले तेव्हा त्यांनी प्रत उचलली आणि वर गेल्या.

त्यांनी ओळ वाचली तेव्हा सभागृहात चारशे माणसं होती आणि पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. एक मंत्री उठला, तोंड उघडलं, पुन्हा बसला. नंतर जो गोंधळ उडाला तो सबंध देशाने पाहिला. अध्यक्षांनी कामकाज थांबवलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने आठ दिवसांत निकाल दिला: ओळ कोणी रद्द केलेली नाही, म्हणून ती जिवंत आहे. दोन्ही दुरुस्त्यांचं दुसरं मतदान नव्वद दिवसांनी घ्या. तोवर जे जसं आहे ते तसंच राहील.

खळकाकांना वाटलं, सुटलो. चाळीस हजार माणसांना कोण बाहेर काढील? अकरा वर्षांपूर्वी तर सगळ्या पक्षांनी बाकं वाजवली होती. नव्वद दिवसांत लोकांनी नऊ वर्षांच्या दुरुस्तीच्या चिंधड्या केल्या. चौकाचौकात बोलणं झालं, सरकारी पक्षाचेच सभासद घरच्यांना तोंड दाखवेनात. त्या तीन महिन्यांनी डोकी ठिकाणावर आली, असं वर्तमानपत्रं लिहीत होती. आणि त्याच वर्तमानपत्रांत, त्याच चौकांत, दुसऱ्या दुरुस्तीबद्दलही लोक बोलू लागले होते. बाहेरची माणसं. नोकऱ्या. आपली पोरं घरी बसलीत. खळकाकांनी ते ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

एक्याण्णवाव्या दिवशी मतदान झालं. नऊ वर्षांची दुरुस्ती दणकून पडली. गॅलरीत टाळ्या झाल्या, शेजारच्या अनोळखी माणसाने खळकाकांना मिठी मारली. अर्ध्या तासाने नागरिकत्वाची दुरुस्ती पडली. चार मतांनी. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी ओरडलंही नाही. लोक जेवायला उठले. खळकाकांना पटकन कळलंच नाही. त्यांनी शेजाऱ्याला दोनदा विचारलं. मग ते तिथेच बसून राहिले. ज्या ओळीने वाईट अडवलं तिला चांगलं वेगळं ओळखता येत नव्हतं. ती फक्त थांबा म्हणत होती. थांबून काय करायचं ते माणसांवर होतं आणि माणसांनी हे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा वर्षांपूर्वीची पट्टी ओल्या फडक्याने भिजवून सोडवली. निघायला पाच मिनिटं लागली.

घरी आले तेव्हा सून टेबलाशी बसून परकीय रहिवाशांचा फॉर्म भरत होती. दर वर्षी भरावा लागणार होता. प्रयोगशाळेच्या किल्ल्या तिने सकाळीच देऊन टाकल्या होत्या. खळकाका समोर बसले.

"ते नऊ वर्षांचं पडलं ना नक्की?" तिने मान वर न करता विचारलं.

"पडलं."

"म्हणजे निवडणूक ठरल्या दिवशीच."

"हो. पुढच्या महिन्यात."

तिने फॉर्म त्यांच्याकडे सरकवला आणि जामीन राहणाऱ्या नागरिकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे सही करा, बाबा." त्यांनी केली. अक्षर वाकडं आलं. तिने फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला.

"मतदानाला सकाळी लवकर जा," ती म्हणाली. "मागच्या खेपेला आपण उशिरा गेलो, तर दीड तास रांगेत उभं राहावं लागलं होतं. एकट्याने तुम्हाला झेपायचं नाही."