दोघी जावांची न सांगितलेली आग

आष्टीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आमच्याबरोबर दोन पत्र्याच्या पेट्या, ज्वारीचं पोतं आणि पेंगुळलेली दोन पोरं होती. तसं गाव आम्ही दरवर्षीच सोडायचो. दिवाळी झाली की ऊस तोडायला ट्रकमध्ये बसायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. पण या वेळी परत यायचं नव्हतं. माझ्या नवऱ्याला पुण्यात एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं होतं. सासू पोचवायला आली नाही. पोरांच्या शाळेचं नाव आणि सुनेच्या शहराची हौस, असं म्हणून ती दाराकडं पाठ करून बसली. आली ती माझी थोरली जाऊ, शकुंतला. मी तिला आक्का म्हणते.

आक्कानं माझ्या हातात एक गाठोडं ठेवलं. मला वाटलं, शेंगदाण्याची चटणी असेल. चाचपलं तर सुकवलेला कडुनिंबाचा पाला. "तिकडं झाड असंल, नसंल. आग व्हाया लागली की पाणी उकळून त्यात बस," ती कानाशी म्हणाली. आग कुठं ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर थोडी चालत आली आणि मग पदर तोंडाशी धरून थांबली. नगर येईपर्यंत मी रडत होते. नवऱ्याला वाटलं, गाव सुटलं म्हणून. मी रडत होते ते आक्कासाठी.

आम्हा दोघींचीही पिशवी काढलेली. आमच्याकडं गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवीच म्हणतात, त्यामुळं ती काढणंही सोपं वाटतं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांपैकी एकाचाही खाडा मुकादमाला चालत नाही आणि पाळी तर दर महिन्याला येते. उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जायला लागलं, कंबर धरली, तालुक्याच्या डॉक्टरनं "पुढं कॅन्सर व्हायचा" म्हणून भीती घातली, की बाया आपल्या पायानं जाऊन पिशवी काढून येतात. पोरं झालेली आहेत, आता तिचं काय लोणचं घालायचं, असं सासूच म्हणायची. आधी आक्का जाऊन आली, पाठोपाठ मी. दोघींनी अजून तिशीही गाठली नव्हती.

त्यानंतर काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. थंडीच्या दिवसांतही अंगातून वाफा निघायच्या. लघवीच्या जागी आग व्हायची, कातडी इतकी पातळ झालेली की परकराची शिवण टोचायची. आणि नवरा जवळ आला की जीव जायचा. मी दात खाऊन पडून राहायची. आक्का माझ्यापेक्षा खरी बाई, ती सरळ नको म्हणायची. नको नको ऐकून थोरल्या दिरांनी एका हंगामात दुसऱ्या बाईबरोबर कोयता धरला आणि मग तिच्याबरोबरच राहायला लागले. सासू लेकाला एक शब्द बोलली नाही. गोठ्यात दूध आटलेल्या गाईकडं हात करून म्हणाली, "भाकड जनावर दावणीला कोण ठिवतं?" आक्का तेव्हा त्याच गाईला कडबा टाकत होती. तिनं पेंढी सोडली, नीट पसरली आणि घरात गेली.

पुण्यात मला एका दवाखान्यात साफसफाईचं काम मिळालं. तिथल्या बायकांच्या डॉक्टर, त्यांना आम्ही मॅडमच म्हणायचो, माझ्याशी दोन शब्द बोलणाऱ्या. मी खाली बसताना एका कुल्ल्यावर बसते हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी आत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं मी आधी नुसती रडले. तपासण्या झाल्यावर त्या म्हणाल्या, पिशवीबरोबर तुमची अंडाशयंही काढलीत, म्हणून इतक्या कमी वयात ही कोरड आणि ही आग. मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या अंगातून काय काय नेलं ते मला परक्या शहरात, खुर्चीवर बसून कळलं.

मॅडमनी आतून लावायचं मलम दिलं. काही आठवड्यांनी म्हणाल्या, आता तिथं रक्त खेळतं राहायला हवं आणि आपलं अंग दुखल्याशिवायही असतं याची तुमच्या मनाला सवय व्हायला हवी. त्यासाठी छोटा व्हायब्रेटर वापरला तरी चालेल. मी विचारलं, गुडघ्याला लावतात तसला? त्या म्हणाल्या, तसलाच, पण गुडघ्याला नव्हे. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायला बाई लाजते, आणि ह्या मला भर दुपारी काय सांगत होत्या! आणि खरं सांगते, लाजेच्या खाली मला रागही आला. सुख हा शब्द माझ्या बाबतीत कुणी वापरला की मला तो टोमणाच वाटायचा.

तरी मी मॅडमना न विचारता मोबाईलवरून एक मागवला. दिसायला गुलाबी, वास नव्या रबरी चपलेचा. लावला आणि आगीचा नुसता डोंब उसळला. मला वाटलं, वस्तू मळकी असणार. आमच्याकडं मळ, रोग, बाधा या सगळ्यावर एकच औषध, कडुनिंब. बाळाची लंगोटी, सुईणीचं पातं, देवी आलेल्याचं अंथरूण, सगळं निंबाच्या पाल्यात उकळून काढायचं. मीही आक्काचा पाला पातेल्यात टाकला, वर ते यंत्र सोडलं आणि चांगलं खळखळ उकळलं. झाकण काढलं तर ते फुगून वाकडं झालेलं, आणि पुन्हा कधी हूं की चूं केलं नाही. उरलेल्या पाण्यात मी स्वतः बसले. दुसऱ्या दिवशी मला चालवेना.

सगळं ऐकून मॅडम चष्मा काढून हसल्या, मग मीही हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी एकेक गोष्ट समजावली. नाजूक कातडीला वासाची, चिकट, स्वस्त रबराची वस्तू चालत नाही. औषधाच्या कामाला वापरतात तसल्या मऊ सिलिकॉनची, गुळगुळीत, खाचा नसलेली, लहानशी घ्यायची. धुवायला कोमट पाणी आणि बिनवासाचा साधा साबण पुरे. नीट कोरडी करायची, सुती फडक्यात ठेवायची, कुणाची कुणी वापरायची नाही. बरोबर पाण्यात बनवलेलं जेल, तेही बिनवासाचं, गरम-थंड वाटायला लावणारं नको. जेल आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघायचं, खाज आली तर ते आपलं नव्हे. सुरुवातीला वरूनच, सुती कापडावरून, सगळ्यांत हळू चालीवर, थोडाच वेळ. जळजळलं की थांबायचं. अंग फाटलेलं असेल, रक्त दिसत असेल तर हातही लावायचा नाही, आधी डॉक्टर. "सोसायचं नाही," हे त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. आमच्या आईनं आम्हाला उलटं शिकवलं होतं. "बाईच्या जातीनं सोसावं," ती म्हणायची, आणि स्वतः सोसूनच गेली.

शेवटी मॅडम म्हणाल्या, तो निंबाचा पाला मात्र बंद करा, त्यानं आग विझत नाही, कातडी अजून कोरडी पडते. मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. आक्कानं मायेपोटी मला तो पाला दिला होता, आणि स्वतःही रोज त्यातच बसत होती.

मॅडमनी सांगितली तसलीच वस्तू मी घेतली, तरी माझं बरं व्हायला वेळ लागला. नवरा कामावर, पोरं शाळेत गेली की खोली माझी एकटीची असायची. पहिल्यांदा काहीच दुखलं नाही तेव्हा मला भीती वाटली, अंग बधिर तर झालं नाही ना. मग कळलं की न दुखणं असं असतं. एके संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, वस्तूही दाखवली. तो गडी भिंतीकडं बघत बसला. मग म्हणाला, "तुला इतकं दुखत हुतं तर बोललीस कावून न्हाई?" मी म्हणाले, "तुमी इचारलं कावून न्हाई?" आता आमचं बरं आहे. पण मधली वर्षं गेली ती गेली, त्यांची भरपाई कुठलं मलम करत नाही.

हे सगळं आक्काला सांगायचं कसं? फोन केला की सासू फोनचा आवाज मोठा करून मध्ये बसायची. मी मुद्दाम गावी गेले. तिला शेळ्यांमागं माळावर गाठलं, निंबाचं पाणी बंद कर म्हणाले, आणि तिच्यासाठी घेतलेली नवी वस्तू फडक्यातून काढून दाखवली. आक्का आधी हसून लोळायची बाकी राहिली. "आगं बया, मोबाईलगत घुरतंय की!" मग तिचं हसू गेलं. "मला कशाला ही थेरं? नवऱ्यानं टाकलेली बाई मी. माझ्यातच खोट हाय. मी न्हाई न्हाई म्हनले, म्हनून त्यानी दुसरी बघितली. आन् ठिवू कुटं हे? आमच्या खोलीला पडदा हाय, दार न्हाई. पेटीला कुलूप लावलं तर सासू म्हनंल, कुलपात काय दडिवलंस."

मला तिच्या खोटीबद्दल बोलायचं होतं, पण शब्दानं ते पटणारं नव्हतं. ती स्वतःला खरोखरच भाकड समजून बसली होती. मी वस्तू परत आणली, आणि गुडघे दाखवायचं निमित्त करून आक्काला पुण्याला बोलावलं. मॅडमनी तपासलं. तिचंही तेच निघालं, अंडाशयं नव्हती. मलम घेऊन ती गावी गेली आणि भाजल्याचं औषध आहे म्हणून सासूला सांगून लावत राहिली. संक्रांत झाल्यावर पुन्हा दाखवायला आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, कातडी सुधारली आहे, आता हरकत नाही.

त्या दिवशी दुपारी मी आक्काला माझ्या खोलीत बसवलं. जेल आदल्या दिवशीच तिच्या हातावर लावून बघितलं होतं. कळ कुठली दाबायची, जळजळलं तर काय, सगळं सांगितलं. "आतून कडी लाव. मी बाहेर हाय, कुनी येनार न्हाई," म्हणाले, आणि मेथीची जुडी घेऊन जिन्यात जाऊन बसले. कडी लागायला बराच वेळ गेला. बहुतेक ती दाराशी नुसतीच उभी असावी. मेथी निवडून संपली. शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालून खाली गेली. आतून आवाज येत नव्हता.

दार उघडून आक्का बाहेर आली आणि माझ्याशेजारी पायरीवर टेकली. डोळे लाल झालेले. मी घाईनं विचारलं, "दुखलं का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. निवडलेल्या मेथीतली दोन पानं तिनं उगाच चुरगळली. "न्हाई दुखलं. बरं वाटलं. म्हंजी माझ्यात खोट नव्हती गं. आजार हुता नुसता." आणि मग ती अशी रडायला लागली, की नवरा सोडून गेल्यावरही मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. "त्यास्नी कुनी सांगितलं असतं तर... मलाच कुनी सांगितलं असतं तर..." मी तिची पाठ चोळत राहिले. दीर आता परत येणार नव्हते, त्यांना त्या बाईपासून पोर झालं होतं. हे आता कळून आक्काचा मोडलेला संसार जुळणार नव्हता, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या पुष्कळ बाया आहेत. त्यांना कुणी घर कुठं विचारलं की त्या गावाचं नाव सांगतात. मीही सांगायचे. सणावाराला मला तिथल्या मातीचा, ज्वारीच्या भाकरीचा आणि सासूच्या शिव्यांचासुद्धा उमाळा येतो. पण त्या घरात आम्हा दोघींना स्वतःच्या अंगाला हात लावायला जागा नव्हती आणि दुखतंय म्हणायला माणूस नव्हता. आई गेल्यावर माझं माहेर संपलं, आक्काचं तर त्याच्याही आधी. इथली खोली भाड्याची, गच्चीलगतची, पत्र्याची, उन्हाळ्यात तव्यासारखी तापणारी. तिला घर म्हणायला माझी जीभ कधी वळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आक्काला गाडीत बसवायला गेले. पिशवीत तिची वस्तू फडक्यात गुंडाळून घातली होती. तिनं ती काढून माझ्या हातात परत दिली.

"तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माहेराला आल्यागत येत जाईन."

कंडक्टरनं बेल मारली. आक्कानं खिडकीतून हात बाहेर काढून माझी हनुवटी धरली, आई धरते तशी.

"आन् हे बघ, दिवाळीला न्यायाला ये. कुनी न्यायाला आल्याबिगर माहेराला जाऊ नये म्हन्त्यात."