शंखावरचा आळ

"लिफ्ट किती वाजता बंद पडते?"

"शांख बजता है, तब," माशीमा म्हणाल्या.

कोलकात्याच्या बेहालातली जुनी सोसायटी, जाळीच्या दाराची लिफ्ट. मी लिफ्ट कंपनीची सर्व्हिस इंजिनियर. चौथ्या मजल्यावरच्या माशीमा, म्हणजे सगळ्या सोसायटीच्या मावशी, रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून शंख फुंकत, आणि त्याच सुमाराला लिफ्ट मध्येच अडके. सेक्रेटरी दत्तबाबू फिजिक्सचे निवृत्त प्रोफेसर. शंखाच्या कंपनांनी सेन्सर बिघडतो, असं त्यांनी मीटिंगमध्ये सिद्धच केलं होतं. रविवारी शंखबंदीचा ठराव यायचा होता. माशीमा सासूबाईंचा शंख पदराखाली धरून बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

बॉस फोनवर म्हणाला, "शंख रिपोर्टमध्ये चालत नाही. क्लॉक टाइम लिहा."

जानेवारीतल्या तक्रारीत पाच लिहिले होते, म्हणून मी एप्रिलमध्ये पाचला हजर झाले. लिफ्ट सुतासारखी सरळ. 'ओके' लिहून निघाले, मेट्रो स्टेशन गाठलं आणि फोन वाजला.

"मॅडम, शंख वाजला," दत्तबाबू शांतपणे म्हणाले. "आय ॲम इनसाइड."

दुसऱ्या दिवशी दुपारीच गेले. वर जाताना दत्तबाबू मला ध्वनिलहरी समजावत होते. बाहेर काळबैशाखीचं, म्हणजे इथल्या उन्हाळी वादळाचं, आभाळ भरून आलं, भर दुपारी अंधारलं, आणि चौथ्या मजल्याच्या जरा खाली लिफ्ट थांबली.

"शंख ऐकलात?" मी विचारलं.

त्यांनी कान टवकारले. माशीमांच्या दारातून फक्त घोरणं येत होतं. भातानंतरची झोप त्या कुणासाठी मोडत नाहीत.

जाळीतून पाहिलं, तर जिन्यातले दिवे नुकतेच लागले होते. अंधारलं की आपोआप लागणारे हे दिवे कालीपूजेच्या, म्हणजे दिवाळीच्या वेळी बसवले होते, आणि इलेक्ट्रिशियनने वायर सरळ लिफ्टच्या लाइनला जोडली होती. सगळे एकदम लागले की व्होल्टेज क्षणभर पडायचं आणि कंट्रोलर, म्हणजे लिफ्टचा मेंदू, घाबरून जागच्या जागी थांबायचा. घड्याळ दिवेही बघत नव्हते आणि माशीमाही. दोघांची नजर आभाळाकडे.

लाइन वेगळी केली. ठराव बारगळला. त्या संध्याकाळी माशीमांनी तीनदा शंख फुंकला आणि लिफ्ट निमूट चालत राहिली. दत्तबाबू मात्र जिन्याने उतरले.

तीन पिढ्या कोलकात्यात काढूनही आमच्या मराठी घरी या वेळेला दिवेलागण म्हणतात. मी रिपोर्टमध्ये तेच लिहिलं.

"म्हणजे किती वाजता?" बॉसने विचारलं.

"सर, ते ढगांवर आहे."