इनुकी आणि तिची तरणी आई

इनुकीची आई वयाने तिच्या निम्मीही नव्हती, आणि इनुकीचं सगळं दुखणं तिथूनच सुरू व्हायचं.

खरी आई, तातिगात, जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ती गेली त्याच हिवाळ्यात शेजारच्या घरात मुलगी जन्मली आणि म्हाताऱ्या माणसांनी तिला तातिगातचं नाव दिलं. नाव आलं म्हणजे माणूस परत आलं, याबद्दल ध्रुवाकडच्या आमच्या बर्फाळ वस्तीत कुणी वाद घालत बसत नाही. इनुकीने रीतीप्रमाणे इवलेसे हातमोजे शिवून नेले, त्या लालबुंद गोळ्याला ‘आई’ म्हणून हाक मारली आणि घरी येऊन ढसाढसा रडली. ते नाव आपल्या घरात यावं असं तिला फार वाटत होतं, पण तिच्या पोटी तेव्हा मूल नव्हतं. शेजारणीला झालं. पुढे पोरगी बोलायला लागली आणि भर दुकानात इनुकीला ‘लेकी, नाक पूस’ म्हणू लागली. लोक पोट धरून हसत. इनुकीही हसायची, दात दिसण्यापुरती.

खऱ्या आईचंही तिला सुख नव्हतं. इनुकीने बूट शिवून दाखवले की ती टाक्यांवरून अंगठा फिरवायची आणि एवढंच म्हणायची, ‘उसव.’ मान वर करून लेकीकडे बघायचीही नाही. उसवून उसवून इनुकीची बोटं इतकी तयार झाली, की नवरा वारल्यावर ती छापखान्यात आली आणि बघता बघता वस्तीतली सगळ्यात पक्क्या हाताची कोरणारीण झाली. दुसऱ्यांनी काढलेली चित्रं दगडावर उतरवायची, रेघ न् रेघ सोडून बाकीचा दगड खणून काढायचा, शाई लावायची, वर पातळ कागद ठेवून हाताने घासायचा. चित्र काढणाऱ्याचं नाव मोठं, कोरणाऱ्याची खूण खाली कोपऱ्यात. मोठ्या नावासाठी तिचा जीव किती तडफडायचा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. दरवर्षी बाहेर विकायला जाणाऱ्या छापांच्या संग्रहासाठी ती स्वतःचं एक घुबडाचं चित्र काढून द्यायची. छापखान्याचा कारभारी पाउलूसी घुबड उजेडात धरायचा, छान आहे म्हणायचा आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचा.

आणि मग या तरण्या तातिगातने पेन्सिल हातात घेतली. ती काय काढायची? उघडा फ्रिज. जुगाराच्या तक्त्यावर डोकं टेकून झोपलेली काकू. अशी चित्रं पाहून दक्षिणेकडच्या शहरांतले लोक वेडे व्हायचे. तिला विमानाने बोलावून नेलं, मासिकात फोटो छापला. ती परत आली तेव्हा विमानतळावर इनुकीही गेली होती, कारण आईला आणायला लेक जाते. पोरीने सगळ्यांदेखत आमच्या मायेच्या रीतीने तिचे गाल हुंगले आणि म्हणाली, “वाळलीस गं पोरी. मासा खातेस ना?” इनुकीच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र ती म्हणाली, “खाते, आई.”

त्या वर्षीच्या संग्रहात एकच जागा उरली होती. घासून ठेवलेला चांगला दगडही एकच होता, आणि छापलेले कागद विमानात चढायचा दिवस तोंडावर आला होता. पाउलूसीपुढे दोन चित्रं होती. एक इनुकीचं घुबड आणि दुसरं तातिगातचं. त्यात एक बाई मांडी घालून उजव्या हाताने सीलचं कातडं खरवडत होती, मान खाली, वेणी पुढे आलेली, चेहरा दिसतच नव्हता. पाउलूसीने दोन्ही आळीपाळीने उजेडात धरली. मग इनुकीला म्हणाला, “आईचं कोर. बिघडलं तर तुझं घुबड आहेच.” तो बिचारा थट्टा करत होता.

इनुकीने चित्र घरी नेऊन टेबलावर पसरलं. ही कोण, ते तिने एका नजरेत ठरवलं. वाकलेली पाठ, वेणी, आणि वर न बघणारी ती मान. म्हणजे पोरीने नाव घेतलं, माया घेतली, विमान घेतलं, आणि आता आपली आईच काढून विकायला निघाली. जिला हिने डोळ्यांनी पाहिलंही नाही तिला! इनुकीने ताटातला मासा तसाच ठेवला.

चित्र दगडावर उलटं उतरवावं लागतं, तेव्हाच कागदावर ते सुलटं उमटतं. त्यासाठी चित्राची नक्कल केलेला पातळ कागद दगडावर पालथा घालायचा असतो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी इनुकीच हे शिकवायची. त्या दिवशी तिने कागद पालथा घातला नाही. तसाच ठेवला, गिरवला आणि मन लावून कोरत बसली. तातिगात स्वतःच्या चित्राबाबत भारी हट्टी होती. एकदा एक रेघ जाड आली म्हणून तिने छाप फाडून टाकला होता. हे उलटं चित्र बघितलं की ती नाही म्हणणार, दुसरा दगड घासायला वेळ नाही, आणि आपलं घुबड लहान, त्याला एखाद्या जुन्या दगडाचा कोपरासुद्धा पुरतो, असा इनुकीचा सरळ हिशेब होता.

पहिला छाप निघाला. पाउलूसीने तो मूळ चित्राशेजारी धरला आणि त्याचा चेहरा पडला. तू असं कसं केलंस, हे त्याने तीन-चार तऱ्हांनी विचारलं. इनुकी म्हणाली की वय झालं, डोळे दगा देतात.

कोपऱ्यात इनुकीची मावशी चहा पीत बसली होती. खऱ्या तातिगातची ही धाकटी बहीण, आता एकही दात नसलेली. ती काठी टेकत उठली, छापाजवळ आली आणि एकदम मटकन खाली बसली.

“अगं बाई, ही तर ताई. डावा हात बघा. आख्ख्या खाडीत अशी डाव्या हाताने खरवडणारी दुसरी कोण होती?”

इनुकीने छापावर वाकून पाहिलं. आई डावखुरी? लहानपणी ती रोज आईच्या समोर बसून शिकली होती. आईचा हात जिकडे चालायचा तिकडेच आपलाही चालवायचा, एवढंच तिला कळायचं. समोरासमोर बसल्यावर कुणाचा हात कुठला, हे तिने कधी मोजलंच नव्हतं.

मावशी आता छाप बघायला नुकत्याच आलेल्या तरण्या तातिगातचे हात हातात घेऊन रडत होती. “ताई, तुला बरं आठवलं गं.” छापखान्यातले सगळे गोळा झाले. पाउलूसी म्हणाला की चित्र तिचं आहे, ठेवायचं की फाडायचं ते तिनेच सांगावं. तातिगातने छापाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, मग इनुकीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“राहू दे असंच,” ती म्हणाली.

सगळे चहाला गेले तशी ती इनुकीपाशी येऊन बसली.

“लेकी, तुझा हात चुकत नाही.”

इनुकी शाईचा रूळ पुसत राहिली.

“मला काही आठवलं बिठवलं नाही गं. म्हातारीला कसं सांगू? वसंतात तू दारात बसून कातडी खरवडायचीस ना, मी पलीकडच्या पायरीवर बसायचे. तुला वाटलं असेल फोन बघतेय. बर्फ वितळेपर्यंत रोज तुला काढत होते. चित्राचं नाव ‘माझी लेक’ ठेवणार होते.”

इनुकीच्या हातातलं फडकं थांबलं. आई म्हणवणारं कुणीतरी आख्खा वसंत आपल्याकडे बघत बसलं होतं आणि आपण मान वर केली नाही.

“आई, मी पुन्हा कोरते,” ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा आला.

“दगड कुठला? विमान परवा आहे. आणि आता मावशीला काय सांगायचं, की ही तिची ताई नाही?” तातिगातने तिच्या गालावरची शाई अंगठ्याने पुसली. “ऊठ, शाई वाळतेय.”

इनुकी उठली. तिने रूळ फिरवला, कागद ठेवला आणि कागदाखालच्या आईच्या पाठीवर हात घासायला सुरुवात केली.